दिवा काढून विकलेली गाडी

ज्यांच्यावर अन्याय झाला ती माणसं अशी: करोंदच्या मंडीत लसणाची आडत चालवणारा एक तरुण माणूस, त्याची बायको, आणि शाळेला जाताना बापाशेजारी पुढच्याच सीटवर बसायचा हट्ट करणारी त्यांची मुलगी. केव्हा झाला: गेल्या दसऱ्याच्या आदल्या रविवारी, भर दुपारी. कुठे: भोपाळला, नेहरू नगरमधल्या आमच्या घरी, हॉलमधल्या सोफ्यावर. कोणी केला: माझ्या वडिलांनी. बाकीच्यांनी हातभार लावला.

खरं तर गाडी विकली त्याच दिवशी तो एकदा झाला होता. पण मी त्या रविवारचा लिहितेय. कारण त्या दिवशी तो समोर बसलेल्या माणसांच्या तोंडावर, त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात, आणि हसत हसत झाला.

मी पत्रकं लिहिते. फुटपाथ, बसचं भाडं, झोपडपट्टीतलं पाणी, असले विषय. पत्रकाची पहिली ओळ अशीच असते, कोणावर आणि केव्हा. नावं इथे देत नाही. त्या बाईंनी नको म्हणून सांगितलंय, आणि वडिलांचं दिलं तर आई जेवायला वाढणार नाही. नावाशिवायही हे वाचून भोपाळमधली बरीच मराठी घरं आपापल्या पार्किंगकडे बघतील, याची मला खात्री आहे.

गाडीची गोष्ट आधी सांगते.

छोटी पांढरी गाडी, बाबांनी नवी घेतलेली. बाबा कारखान्यात क्वालिटीत होते. केसाएवढी चीर दिसली तरी माल परत पाठवणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती, आणि ती आम्ही जेवताना ऐकत मोठे झालो. एका हिवाळ्यात माझे जिजू आणि ताई हीच गाडी घेऊन पचमढीला गेले. येताना धुक्यात जिजूंना डिव्हायडर दिसला नाही. गाडीचं नाक चेपलं, पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या. ताईच्या छातीवर बेल्टचा निळा वळ उठला, जिजूंचं नाक सुजलं, बास. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, पिशव्या नसत्या तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो.

आईने सत्यनारायण घातला. मराठी मंडळातली झाडून सगळी घरं प्रसादाला आली. बाबा प्रत्येकाला दारातच सांगत होते, एअरबॅगने वाचवलं हो पोरीला, एअरबॅग नसलेली गाडी घेऊच नका.

विमा तेव्हा नेमका संपलेला होता, नवा काढायचा राहिला होता. गॅरेजवाल्याने बॉनेट सरळ केलं, रंग मारला, दिवे बदलले. नव्या एअरबॅगचा खर्च ऐकून बाबांनी काय ठरवलं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. मी धरून चालले की बसवल्या असतील. ज्या वस्तूमुळे मुलगी जिवंत आहे ती वस्तू माणूस परत बसवतोच, असं मला वाटत होतं. ताई मात्र त्या गाडीत पुन्हा बसली नाही. मग नवी गाडी आली आणि ही विकायला काढली.

विकायची पद्धतही आमचीच. डीलरकडे न्यायची नाही, तो भाव पाडतो. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचे आणि हिंदीत लिहायचं, "महाराष्ट्रीयन फैमिली की गाड़ी." बस. एवढ्यावर गाडी विकली जाते. भोपाळमध्ये आमच्या लोकांची अशी एक कीर्ती आहे की मराठी माणूस गाडी वेळेवर सर्व्हिस करतो, सीटचं प्लॅस्टिक काढत नाही आणि खोटं बोलत नाही. प्लॅस्टिकचं खरं आहे.

आडतवाला आला तो हेच ऐकून. त्याला मंडीतल्या कोणीतरी सांगितलं होतं, मराठी लोगों की गाड़ी है, आँख मूँद के ले लो. तरी तो डोळे मिटून आला नव्हता. मिस्त्री घेऊन आला, इंजिन ऐकलं, गाडीखाली वाकून बघितलं, मुलीला मागे बसवून एक चक्कर मारली. पुन्हा एकदा बायकोला घेऊन आला. ती बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. आईने दिलेलं पाणी प्यायल्या आणि पदर सावरून बसल्या. व्यवहार झाला, कागद झाले, मुलीने गाडीच्या काचेवर बोटाने स्वतःचं नाव काढलं आणि ते लोक गेले.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. सर्व्हिसला टाकली तेव्हा कंपनीच्या वर्कशॉपने मशीन लावून बघितलं, आणि गाडीत एअरबॅग नाहीतच म्हणून सांगितलं. बाबा फोनवर म्हणाले, रविवारी या, बसून बोलू. फोन ठेवला आणि लगेच चार इमली भागात राहणाऱ्या काकांना लावला.

हे काका म्हणजे मंडळातले मोठे. सरकारात वरच्या जागेवरून रिटायर झालेले, मूळचे नागपूरकडचे. कोणाच्या सोसायटीत भांडण झालं, कोणाच्या मुलाची पोलिसात तक्रार झाली, की काकांना बोलावतात. काका येतात, सोफ्याच्या मधोमध बसतात आणि समोरच्याला कायदा सांगतात. तो कायदा कुठे लिहिलेला असतो ते त्यांनाच ठाऊक.

रविवारी काका आधी येऊन बसले होते. मग ते तिघे आले. मुलगी आईला चिकटून सोफ्याच्या कडेला बसली. आडतवाला अजिबात भांडायच्या तयारीत नव्हता. गुडघे जवळ घेऊन, हात जोडल्यासारखे धरून बोलत होता.

"अंकल जी, स्टेयरिंग का ढक्कन चिपकाया हुआ है, अंदर ख़ाली डिब्बा. इधर वाली साइड भी वैसी ही. और मीटर में जो एयरबैग की बत्ती आती है, वो निकाल रखी है किसी ने. इसीलिए हमको पता नहीं चला."

"पुरानी गाड़ी है भाई," बाबा म्हणाले. "आपने देख के ली थी."

"देख के ही ली थी. गाड़ी लौटाने नहीं आया मैं. बस ये बता दीजिए कि ठुकी कब थी, क्या-क्या खुला था, काम किसने किया था. वर्कशॉप वाले बोल रहे हैं बेल्ट भी गई होंगी, सेंसर भी. मालूम हो जाए तो वो ठीक से बना दें. बिटिया रोज़ आगे बैठती है."

त्याला एवढंच हवं होतं. अपघात झाला होता, कसा झाला, काय फुटलं. तीन वाक्यांत संपलं असतं.

इथे आमच्या घरांची एक सवय सांगावी लागेल. भोपाळमध्ये वाढलेलं कुठलंही मराठी पोर ती ओळखेल. बाजारात, दवाखान्यात, भाडेकरूसमोर, बाई कामाला ठेवताना, आम्ही समोरच्याशी हिंदीत बोलतो आणि त्याच्याविषयी मराठीत. त्याच्याच समोर. भाजीवाल्याला "भैया, सही लगाओ" म्हणायचं आणि लगेच शेजारी उभ्या मुलीला सांगायचं, देईल हा, तोंडावरून अडलेला दिसतोय. याची एक खास चाल असते. चेहरा हसरा ठेवायचा, समोरच्याकडे बघायचं नाही, आवाज असा ठेवायचा की जणू पाऊसपाण्याचं चाललंय. पाहुण्यांसमोर कुजबुजणं वाईट दिसतं म्हणून आम्ही कुजबुजत नाही. भाव हिंदीत, खरं मराठीत.

काका पाठ टेकून हसऱ्या चेहऱ्याने बाबांना म्हणाले, "याला काही सांगू नकोस. ॲक्सिडेंट एकदा तोंडाने कबूल केलास की उद्या वकील घेऊन येईल."

"पण त्याला कळलंच आहे," बाबा म्हणाले. तेही हसतच.

"कळलंय ते गाडीवरून. तुझ्या तोंडून नाही. गाडी घेताना मुलगी बघायला आल्यासारखे दोन-दोनदा येऊन गेले, तेव्हा डोळे कुठे होते म्हणावं. बरं, तो दिवा गॅरेजवाल्याने आपल्या मनाने काढला की तू सांगितलंस?"

"मीच सांगितलं. सारखा पेटून राहायचा. गिऱ्हाइकाने पहिलं तेच विचारलं असतं."

"झालं तर मग. म्हण, आम्हाला कल्पनाच नव्हती, गॅरेजवाल्याने आम्हालाही फसवलं. गरीब तोंड करून म्हण."

स्वयंपाकघराच्या दारातून आईने विचारलं, "चहा टाकू की कटतायत लवकर? दूध बेताचंच आहे."

मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. बिनएअरबॅगची गाडी आम्ही विकली हे मला दोन दिवसांपूर्वी कळलं होतं. दिवा बाबांनी काढायला लावला, हे तेव्हा, त्या क्षणी कळलं. केसाएवढी चीर परत पाठवणाऱ्या माणसाने. एअरबॅग महाग आहेत, परवडल्या नाहीत, इथपर्यंत मी त्यांना समजून घेऊ शकते. पण दिवा लहानसा असतो. तो फक्त एकच काम करतो, आत काही नाही हे सांगायचं. आणि तो काढायला त्यांनी मजुरी दिली असणार.

"बाबा, काय बोलताय तुम्ही हे?" मी म्हणाले.

"तू आत जा. हा तुझा धरना नाही."

"ही जाते का त्या मोर्च्यांना अजून?" काकांनी आईला विचारलं. "लग्नाचं बघा हिच्या."

मग बाबा आडतवाल्याकडे वळले, आणि त्यांनी खरोखर गरीब तोंड केलं. "सच बताऊँ भाई, हमको ख़ुद कुछ पता नहीं था. गैराज वाले ने हमारे साथ भी..."

त्या बाईंनी पाण्याचा ग्लास टीपॉयवर ठेवला.

"काऊन खोटं बोलता काका," त्या म्हणाल्या. "आत्ताच त म्हनलं तुमी, दिवा मीच काढाले लावला म्हून."

आडतवाला बायकोकडे बघत राहिला. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. बाबांचं तोंड अर्धं उघडंच. आई दारात, हातात पातेलं.

मला वाटलं आता लाजतील. मी सांगते, मी खरंच त्या क्षणाची वाट बघत होते. मान खाली जाईल, कोणीतरी "माफ करा" म्हणेल, मग पुढचं बोलणं होईल. पहिले सावरले ते काका. आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. आनंद होता. हरवलेला नातेवाईक स्टेशनवर भेटावा तसा.

"अगं, तू मराठी आहेस? कुठली गं तू?"

"पांढुर्ण्याची."

"पांढुर्णा म्हणजे आमच्या नागपूरच्या दारातच. मग आधी नाही का सांगायचं? आपल्या माणसाला आम्ही असं केलं असतं का?"

आणि बाबा, त्यांचाही जीव भांड्यात पडलेला दिसत होता, म्हणाले, "खरंच सांगतो बेटा. तू आपली आहेस हे माहीत असतं तर ही गाडी मी तुम्हाला दिलीच नसती. दुसऱ्या कोणाला दिली असती."

हे वाक्य मी बनवलेलं नाही. ते आमच्या हॉलमध्ये उच्चारलं गेलं, माझ्या वडिलांनी उच्चारलं, आणि सांत्वन म्हणून उच्चारलं. मी कितीतरी सभांना गेलेय, स्टेजवरून नेत्यांची खोटी भाषणं ऐकलीयत, आणि मला राग येतो. इथे राग आलाच नाही. किळस आली. रागाला समोर माणूस लागतो, जो चूक करून निदान ती लपवतो. इथे कोणी काही लपवतच नव्हतं. सगळे मनापासून बोलत होते.

तेवढ्यात आईला दूध सापडलं. चहा आला, चिवडा आला, मुलीसाठी बेसनाचा लाडू आला. "घे गं बाळा, मराठी लाडू," आई म्हणाली. मुलगी स्वतःच्या आईकडे बघून हिंदीत म्हणाली, "ये क्या है?"

बाई म्हणाल्या, "माया नवरा मराठी नाही, काका. गाडी तोच चालवते. पोरगी बापावर गेली, हिंदीच बोलते. तिले कोन्त्या सीटवर बसवू ते सांगा."

काका हसले. त्यांना तो विनोद वाटला.

"क्या बोल रहे हैं ये लोग?" आडतवाल्याने विचारलं.

"कुछ नहीं," त्या म्हणाल्या. "अब हम इनके अपने निकल आए."

काकांनी लगेच तोडगा काढला. आता घरातल्या घरात मिटवू, वकील-बिकील कशाला, आपल्या ओळखीचा गॅरेजवाला आहे, तो स्वस्तात काहीतरी बसवून देईल. म्हणजे तोच गॅरेजवाला. बाई म्हणाल्या, "मले तुमचा मिस्त्री नको. कवा ठोकली अन् काय काय फुटलं, तेवढं सांगा. त्याच्यासाठीच आलो आमी."

बाबांनी काकांकडे बघितलं. काकांनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच दाबला. बाबा म्हणाले, "बघतो. आठवून सांगतो."

आठवून. ज्या दिवशी मुलगी मरता मरता वाचली तो दिवस त्यांना आठवावा लागणार होता.

ते तिघे उठले. चहावर साय धरली होती. मुलगी लाडू खात खात गेली, तिच्या आईने तो काढून घेतला नाही. मी त्यांच्या मागे गेटपर्यंत गेले. बाबांनी आतून हाक मारली, दोनदा. मी गाडीजवळ उभं राहून सगळं सांगितलं. हिवाळा, धुकं, डिव्हायडर. दोन्ही पिशव्या उघडल्या होत्या. दोन्ही बेल्ट खेचले गेले होते, ताईच्या अंगावर वळ होता. विमा नव्हता. गॅरेज कोणतं, कुठल्या गल्लीत. आडतवाल्याने ते फोनवर रेकॉर्ड केलं. मी त्याला म्हटलं, माझं नावही बोलते, म्हणजे उद्या कोणी नाही म्हणायला नको.

बाईंनी विचारलं, "तुमची ताई कुटं बसली होती?"

मी पुढच्या डाव्या सीटकडे बोट दाखवलं.

मुलगी त्याच सीटचं दार उघडून उभी होती. बाईंनी ते दार लोटलं, मागचं उघडलं, तिला आत बसवलं. मुलगी कुरकुरली, पापा, आगे. बाईंनी मागे तिच्या शेजारी बसून तिचा पट्टा लावला, ओढून बघितला, परत ओढून बघितला. पुढची सीट रिकामी ठेवून गाडी वळणावर गेली.

घरात आल्यावर बाबा म्हणाले, "मी काय खून केलाय कोणाचा? सगळे असंच विकतात." मी म्हटलं, ताईला फोन लावा आणि हेच वाक्य तिला म्हणून दाखवा. त्यांनी टीव्ही लावला.

आणि तुम्हाला वाटत असेल की मंडळात ही गोष्ट कळल्यावर कोणीतरी बाबांना बोललं असेल. नाही. काकांनीच ती सगळीकडे सांगितली, आणि अशी सांगितली: "बघा, गैरसमज कसा होतो. मुलगी आपली, पांढुर्ण्याची, आणि विकताना कोणाला पत्ताच नाही." लोक चुकचुकले. खरोखर हळहळले. एका काकूंनी विचारलं, त्यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवायचं का, नंबर आहे का त्यांचा. त्या हळदीकुंकवाला जाणाऱ्या सुशिक्षित बायकांपैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नाही की ती मुलगी आता कुठे बसते. सगळ्यांची हळहळ एकाच गोष्टीची, की खड्डा खणला तो चुकून आपल्याच अंगणात निघाला.

याला मंडळवाले संस्कृती म्हणतात. जपायची असते म्हणे. मुलांनी घरात मराठीच बोलावं म्हणून त्यांचे वर्ग चालतात, स्पर्धा होतात. मी त्या वर्गात शिकले, बक्षिसं घेतली. त्या रविवारी मला दिसलं की आमच्या घरांत ही भाषा कशासाठी वापरली जाते. दुसऱ्याच्या मुलीच्या जिवाबद्दल, दुसऱ्यासमोर, निर्धास्त बोलता यावं म्हणून. असल्या कामासाठी जपायची असेल तर मी उद्यापासून हिंदीत भांडेन.

मी सांगितलेलं ऐकून वर्कशॉपने गाडी उघडली. दोन्ही बेल्ट गेलेलेच होते. नुसते लोंबत होते, अंगाला पट्टा असल्याचं समाधान देत. सामान मागवलंय. तोवर गाडी तिथेच उभी आहे आणि मुलगी व्हॅनने शाळेत जाते. खर्च आडतवाला एकटा करतोय. त्याने बाबांना परत एकदा फोन केला होता, आता काही विचारायचं नाही, फक्त एकदा तुम्ही स्वतः हो म्हणा, एवढं सांगायला; हे त्याने मला नंतर सांगितलं. बाबांनी उचलला नाही. फोन टेबलावर वाजत होता, आणि माझी आई, जिने सत्यनारायण घातला होता, तिने तो उचलून उशीखाली ठेवला.

माझ्या वडिलांकडून मला आता काही नको. मला तुमच्याकडून हवंय.

हे वाचणाऱ्यांत गाडी विकलेले बरेच असणार. तुमच्यातल्या कोणाच्या गाडीत पुराचं पाणी शिरलं होतं. कोणाचा ब्रेक उतारावर लागत नव्हता आणि दाखवताना तुम्ही ती सपाट रस्त्यानेच फिरवलीत. कोणी टायरला काळा रंग लावून दिला. तुम्हाला ते आत्ता, हे वाचताना, नेमकं आठवलंय. ज्याला विकली त्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये अजून आहे. तो माणूस कुठला, घरी काय बोलतो, आपला आहे की नाही, यातलं काही विचारू नका. फोन लावा आणि त्याला कळेल त्या भाषेत सांगा की गाडीत काय बिघडलं होतं आणि ते तुम्हाला माहीत होतं. हे वाचून कागद खाली ठेवू नका. आधी फोन लावा.